पडद्यावरचे मास्तर : डॉ. श्रीराम लागू

रायगडावर आपण कधी आला असाल, तर राजसदरेवरचा एक प्रयोग पाहिला असेल. वाटाड्या आपल्याला सिंहासनाच्या जागेजवळ उभे करतो आणि स्वतः समोरच्या नगारखान्याच्या दारात जातो. मध्ये 200 फुटांच्या आसपास अंतर. तिथे तो एक कागद फाडतो, नाहीतर हलक्या आवाजात आपले नाव घेतो, आणि ते आपल्याला इथे स्पष्ट ऐकू येते. मंडळी चकित होतात, दोन-चार जण पुन्हा करून पाहतात, आणि मग सारे होळीच्या माळाकडे वळतात.

आमची हिरकणीवाडी या गडाच्या पायथ्याशी आहे. इथली पोरे हा प्रयोग लहानपणापासून करीत आलेली. त्यातून एक गोष्ट आम्हाला शाळेत जाण्याआधीच कळते. दूर पोहोचायला नेहमी ओरडावे लागते असे नाही. नगारखान्यात उभे राहून कोणी बेंबीच्या देठापासून ओरडले, तर शब्द एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट होतो. हळू, पण नीट बोलले, तर अक्षर न् अक्षर पोहोचते.

आज ज्या नटाविषयी मी सांगणार आहे, त्याचे सारे आयुष्य या एका गोष्टीच्या भोवती फिरले असे म्हटले तरी चालेल. ते नट म्हणजे डॉ. श्रीराम लागू. नाव आपल्या परिचयाचे आहे. ‘पिंजरा’तले गुरुजी, ‘सामना’तले मास्तर, ‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब बेलवलकर. पण नाव परिचयाचे असले म्हणजे माणसाची कारकीर्द आपल्याला समजली असे होत नाही. ती समजून घ्यावी असे मला का वाटले, ते आधी सांगतो.

मी महाडच्या बाजूला एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. दोन वर्षांपूर्वी आमचा एक विद्यार्थी आपल्या वडिलांना घेऊन माझ्याकडे आला. खरे म्हणजे वडीलच त्याला घेऊन आले होते. मुलगा रसायनशास्त्राचा पदवीधर. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्याला नोकरी मिळत होती आणि तो म्हणत होता, मला नोकरी नको, नाटकात काम करायला मुंबईला जायचे आहे. वडील माझ्याकडे बघून म्हणाले, “सर, तुमीच सांगा त्येला. तुमचं ऐकतो.” मुलगा लगेच म्हणाला, “सर, डॉक्टर लागूंनी नाही का डॉक्टरकी सोडली? मग मी नोकरी सोडली तर काय झालं?”

आता बघा, प्रश्न बिनतोड होता. मला पटकन उत्तर सुचले नाही. मी दोघांना चहा दिला आणि म्हटले, आठ दिवसांनी या. त्या आठ दिवसांत मी लागूंच्या आयुष्याचा हिशेब नीट मांडून पाहिला. तोच आज आपल्यापुढे ठेवतो आहे.

श्रीराम बाळकृष्ण लागू यांचा जन्म 16 नोव्हेंबर 1927 रोजी साताऱ्यात झाला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आमच्या महाडात चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. या दोन गोष्टींचा तसा काही संबंध नाही. पण आपले नट कोणत्या काळात वाढले, हे ध्यानात ठेवायला हे वर्ष बरे पडते. वडील डॉक्टर. शिक्षण पुण्यात झाले. आधी भावे स्कूल, मग फर्ग्युसन महाविद्यालय आणि पुढे बी. जे. मेडिकल. तिथून ते डॉक्टर झाले, आणि कान, नाक व घसा हा त्यांनी आपला विषय घेतला. पुण्यात काही वर्षे व्यवसाय केला, अधिक शिक्षणासाठी कॅनडा आणि इंग्लंड इथे जाऊन आले, आणि साठच्या दशकात आफ्रिकेत टांझानियातल्या टबोरा या गावीही शस्त्रवैद्य म्हणून राहिले.

हे सारे चालू असताना नाटक सुटले नव्हते. पन्नासच्या दशकाच्या आरंभी पुण्यात भालबा केळकर आणि त्यांचे सोबती यांनी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन ही संस्था उभी केली. लोक तिला पी.डी.ए. म्हणत. लागू त्यात होते. मुंबईच्या ‘रंगायन’शीही त्यांचा संबंध आला. दिवसा दवाखाना आणि संध्याकाळी तालीम, असा हा क्रम वर्षानुवर्षे चालला. अखेर 1969 साली, वयाच्या 42व्या वर्षी, त्यांनी वैद्यकी सोडली आणि पूर्ण वेळ नट म्हणून रंगभूमीवर उभे राहिले. नाटक होते वसंत कानेटकरांचे ‘इथे ओशाळला मृत्यू’. संभाजी महाराजांच्या अखेरच्या दिवसांवरचे हे नाटक. ज्या राजाचा राज्याभिषेक 1681 साली आमच्या डोक्यावरच्या या गडावर झाला, त्याच्या कथेपासून लागूंच्या व्यावसायिक नटपणाचा आरंभ झाला, याचे आम्हा वाडीकरांना थोडे अप्रूप वाटले तर आपण समजून घ्याल.

म्हणजे हिशेब काय झाला? तालमी सुरू झाल्यापासून वैद्यकी सोडेपर्यंत सुमारे सतरा-अठरा वर्षे गेली. एका रात्रीत कोणी घर सोडून निघाले नाही. त्या काळात ते कमाई वैद्यकीतून करीत होते आणि काम नाटकात शिकत होते. हा पहिला मुद्दा मी वहीत लिहून ठेवला.

दुसरा मुद्दा आवाजाचा. घशाचा डॉक्टर नट झाला, यात नुसता योगायोग पाहू नये. आपण बोलतो म्हणजे काय होते? फुप्फुसातली हवा वर येते. घशात स्वरयंत्र आहे, त्यात दोन नाजूक पडदे आहेत. त्यांना स्वरतंतू म्हणतात. हवा त्यांच्यामधून जाताना ते थरथरतात. पुरुषाच्या साध्या बोलण्यात सेकंदाला साधारण 100 ते 150 वेळा. त्या थरथरीतून जो ध्वनी निघतो तो अगदी बारीक असतो. त्याला भरदारपणा येतो तो घसा, तोंड आणि नाक यांच्या पोकळ्यांत घुमल्यामुळे. आणि त्याचे शब्द होतात ते जीभ, ओठ, दात आणि टाळू यांच्यामुळे. म्हणजे पाहा, जोर पोटातून यायचा, घुमारा तोंडात मिळायचा आणि स्पष्टपणा ओठांवर यायचा. घशावर ताण देऊन जो ओरडतो, तो त्या दोन पडद्यांना एकमेकांवर आपटत असतो. असे रोज केले की त्यांना सूज येते, गाठी येतात, आवाज घोगरा होतो. बाजारातले विक्रेते, कीर्तनकार, आणि हो, आम्ही मास्तर लोक, या दुखण्याचे नेहमीचे गिऱ्हाईक.

जुन्या रंगभूमीवर ध्वनिक्षेपक नव्हते, तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकणे हीच नटाची पहिली परीक्षा असे. त्यातून एक घोषयुक्त, लांबवलेली, पल्लेदार पद्धत तयार झाली. ती वाईट होती असे मी म्हणत नाही. तिचा एक थाट होता. पण लागूंच्या पिढीने विचारले की आवाज पोहोचला, पण अर्थ पोहोचला का? त्यांचे बोलणे ऐकताना आपल्या ध्यानात येईल, की ते वाक्य तोडतात ते श्वास संपला म्हणून नव्हे. जिथे त्या पात्राचा विचार अडतो तिथे ते थांबतात. त्या थांबण्यात प्रेक्षक पुढचा शब्द आपल्या मनात तयार करतो, आणि मग तो शब्द आला की तो आपलाच वाटतो. आमच्या नगारखान्यातली युक्ती हीच. ओरडू नका, नीट बोला, आणि थांबा.

या शिक्षणाची कसोटी लागली ती 23 डिसेंबर 1970 रोजी. वि. वा. शिरवाडकर यांचे ‘नटसम्राट’ त्या दिवशी रंगभूमीवर आले. संस्था गोवा हिंदु असोसिएशन, दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, कावेरीच्या भूमिकेत शांता जोग, आणि अप्पासाहेब म्हणून डॉ. लागू. कथा आपल्याला ठाऊक आहे. एक थोर नट निवृत्त होतो, असेल नसेल ते मुलांना वाटून टाकतो, आणि मग मुलगा-सून, मुलगी-जावई यांच्या घरी नकोसा होत होत शेवटी रस्त्यावर येतो. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ची छाया तिच्यावर आहे. या नाटकाला 1974 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

त्या दिवशी लागूंचे वय 43 होते. म्हातारा नट व्हायचे, आणि तोही असा, की ज्याच्या बोलण्यात जुनी पल्लेदार पद्धत भिनलेली आहे! म्हणजे जी पद्धत लागूंनी स्वतः बाजूला ठेवली होती, तीच आता एका पात्राची सवय म्हणून दाखवायची. अप्पासाहेब जुन्या भूमिकांतली भाषणे म्हणतात तेव्हा आवाज एका ढंगाचा, आणि कावेरीशी दोन शब्द बोलतात तेव्हा अगदी वेगळा, घरगुती. या दोन आवाजांमधल्या फटीतून त्या म्हाताऱ्याचे दुःख दिसते. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा समर्थ नटांनी ही भूमिका केली. 2016 साली चित्रपटात नाना पाटेकरांनी केली. पण या भूमिकेचे पहिले माप लागूंनी घालून दिले, आणि मागून आलेल्या प्रत्येकाला त्या मापापुढे उभे राहावे लागले.

इथे दूरच्या एका देशाची आठवण होते. जपानमध्ये तात्सुया नाकादाई या नावाचे एक थोर नट झाले. जन्म 1932 चा. तेही रंगभूमीच्या शाळेतून आलेले. चित्रपटांत मोठी कीर्ती मिळवली, 1972 साली जपानी दूरचित्रवाणीवरच्या एका वर्षभर चाललेल्या ऐतिहासिक मालिकेत मुख्य भूमिका केली, पण नाटक सोडले नाही. 1975 साली पत्नीच्या सोबतीने त्यांनी तरुण नटांसाठी एक शाळा काढली. दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनी ‘किंग लिअर’वरून ‘रान’ हा चित्रपट 1985 साली केला, त्यात राज्य तीन मुलांत वाटून बसलेला म्हातारा सरदार नाकादाईंनीच रंगवला. तेव्हा तेही पन्नाशीच्या आसपासचेच होते. दोन देश, दोन भाषा, आणि दोघाही नटांनी तरुणपण सरता सरता त्या एकाच म्हाताऱ्याला अंगावर घेतले. म्हातारपण दाखवायला म्हातारे असावे लागत नाही. म्हाताऱ्यांकडे लक्ष द्यावे लागते. वैद्याने तर ते रोजच दिलेले असते, नाही का?

आता चित्रपटाकडे वळू. नाटकात नट शेवटच्या रांगेसाठी बोलतो, तर चित्रपटात कॅमेरा त्याच्या नाकापासून हातभर अंतरावर येतो. तिथे भुवई उंचावणे हेसुद्धा ओरडण्यासारखे होते. रंगभूमीवरचे कितीतरी मोठे नट या जागी फसले. लागू फसले नाहीत, कारण त्यांच्या अभिनयाचा पाया थांबण्यात होता, आणि थांबलेला चेहरा कॅमेऱ्याला फार आवडतो.

1972 साली व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ आला. जर्मनीत 1930 साली निघालेल्या ‘ब्लू एंजल’ या चित्रपटाच्या कथेचा त्याला आधार होता. गावाला सन्मार्गाला लावणारे तत्त्वनिष्ठ गुरुजी तमाशाच्या फडाला विरोध करतात आणि त्याच फडातल्या नर्तकीच्या मोहात पडतात. पुढे एका प्रेताला गाव गुरुजींचे प्रेत समजते आणि गुरुजींचा पुतळा उभारते. इकडे खरे गुरुजी तमाशात झाडलोट करीत जगत असतात. शेवटी गुरुजींच्या खुनाचा आरोप खुद्द गुरुजींवरच येतो, आणि गावाच्या मनातला तो पुतळा भंगू नये म्हणून ते गप्प राहून फाशी पत्करतात.

आमच्या वाडीत हा चित्रपट मी दूरदर्शनवर पाहिला. वय असेल नऊ-दहा. वाडीत तेव्हा मोजकेच संच होते. एका घराच्या ओटीवर सारी वाडी जमे, आणि वारा सुटला की कोणीतरी कौलांवर चढून अँटेना फिरवी. माझी आजी गडाच्या पायऱ्यांवर बसून ताक विकायची. दिवसभराची दमलेली, पण त्या दिवशी शेवटपर्यंत जागी राहिली. चित्रपट संपल्यावर कोणी म्हणाले, “मास्तर वाया गेला.” आजी म्हणाली, “गेला खरा, पन पोरांसाठी मास्तर जिता ठेवला की त्यानं.” मी पुढे एम.ए. केले, समीक्षेची पुस्तके वाचली, पण त्या चित्रपटाविषयी याहून नेमके वाक्य मला कुठे आढळले नाही.

त्यानंतरचा ‘सामना’. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखक विजय तेंडुलकर, निर्माते रामदास फुटाणे. 1975 साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात तो स्पर्धेत दाखवला गेला. गावचे सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील झाले होते निळू फुले, आणि कुठूनसा भटकत आलेला, दारूच्या आहारी गेलेला म्हातारा मास्तर झाले होते लागू. कारखाना, संस्था, बाजार सारे पाटलांच्या मुठीत. मास्तरच्या हाती काहीच नाही. असतो तो फक्त एक प्रश्न. गावातून नाहीसा झालेल्या मारुती कांबळे नावाच्या माणसाचे काय झाले, एवढेच तो विचारत राहतो. अडखळत विचारतो, पिऊन विचारतो, पण विचारायचे सोडत नाही. हळूहळू तो प्रश्न साऱ्या गावाचा होतो.

1979 सालच्या ‘सिंहासन’मध्ये पुन्हा हीच मंडळी एकत्र आली. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. त्यात अरुण सरनाईक मुख्यमंत्री, लागू त्यांची खुर्ची हलवू पाहणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, आणि निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस. ‘सामना’त जो प्रश्न विचारणारा होता, तो इथे सत्तेच्या पटावर बसला, आणि जो पाटील होता तो इथे मुकाट्याने पाहणारा झाला. दोन नटांनी बाजू बदलल्या आणि दोन्हीकडे ते खरे वाटले. नटाची शक्ती मोजायची असेल, तर हे दोन चित्रपट पाठोपाठ पाहावेत.

हिंदीत लागूंनी पुष्कळ कामे केली. मराठी-हिंदी मिळून त्यांच्या चित्रपटांची संख्या शंभराच्या वर जाते. ‘घरौंदा’ या 1977 सालच्या चित्रपटातल्या वयस्क मालकाच्या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. रिचर्ड ॲटनबरो यांच्या 1982 सालच्या ‘गांधी’ चित्रपटात ते गोपाळ कृष्ण गोखले झाले. पण खरे सांगायचे तर हिंदीतल्या बऱ्याचशा भूमिका नायिकेचे वडील, न्यायाधीश, अधिकारी अशा ठराविक होत्या. ‘मुकद्दर का सिकंदर’ किंवा ‘लावारिस’ पाहताना आपल्याला ते दिसतात, पण ‘नटसम्राट’ पाहिलेल्याला हळहळ वाटते. ही या कारकिर्दीची दुसरी बाजू आहे, ती झाकून चालणार नाही. नाटकावर प्रपंच चालवणे फार थोड्यांना जमते, आणि मनाजोगे काम करायचे तर त्याचा खर्च दुसऱ्या कामातून काढावा लागतो. लागूंनी एकीकडे अशा भूमिका केल्या आणि दुसरीकडे तेंडुलकरांचे ‘गिधाडे’, गो. पु. देशपांडे यांचे ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ यांसारखी, तिकीट खिडकीवर गर्दी होईल याची शाश्वती नसलेली नाटके दिग्दर्शित केली. ‘गिधाडे’च्या वेळी परीक्षण मंडळाशी झगडावेही लागले. हा तिसरा मुद्दा मी वहीत लिहिला : वैद्यकी सोडली, तरी पोटाचा प्रश्न सुटला नव्हता. त्याने फक्त रूप बदलले.

दूरचित्रवाणीचे माध्यम आणखी निराळे. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. 1985 साली ‘खानदान’ ही हिंदी मालिका आली, तिच्यात लागू होते. नाटकाला आपण जातो, चित्रपटालाही आपण जातो. मालिका मात्र आपल्या घरी येते. घरात भाकऱ्या चालू असतात, पोर रडत असते, आणि तिकडे कोपऱ्यात नट बोलत असतो. तिथे फार मोठे काही केले तर ते पाहुण्याने घरात येऊन आरडाओरडा केल्यासारखे वाटते. आठवड्यामागून आठवडा त्याच माणसाला भेटायचे, म्हणून त्याने थोडे हातचे राखून बोलायचे. ज्यांनी नाटकगृह पाहिले नव्हते, अशा घरांतही लागूंचा चेहरा ओळखीचा झाला तो या छोट्या पडद्यामुळे. आमच्या वाडीतल्या बायका त्यांना नावाने ओळखत नसत. ‘ते मास्तर’ म्हणत.

आणि खरेच, लागूंनी किती शिक्षक रंगवले पाहा! ‘पिंजरा’तले गुरुजी आणि ‘सामना’तले मास्तर झालेच. कानेटकरांच्या ‘हिमालयाची सावली’ या नाटकातले नानासाहेब भानू, ज्यांच्यामागे महर्षी कर्व्यांच्या जीवनाची छाया आहे, तेही लागूच. आणि मृणाल सेन यांच्या ‘एक दिन अचानक’ या 1989 सालच्या चित्रपटातले प्राध्यापक. हा माझा विशेष आवडता. एके दिवशी पाऊस कोसळत असताना प्राध्यापक घराबाहेर पडतात आणि परत येतच नाहीत. का गेले, कुठे गेले, चित्रपट सांगत नाही. मागे राहिलेली बायको आणि मुले त्यांना आठवत राहतात. आठवता आठवता त्यांना कळू लागते, की आपण ज्यांना फार थोर समजत होतो ते कदाचित तेवढे थोर नव्हते. बायकोचे काम उत्तरा बावकर यांनी केले आहे, मुलीचे शबाना आझमी यांनी. लागू पडद्यावर थोडाच वेळ आहेत, पण त्यांची रिकामी खुर्ची चित्रपटभर बोलते. मी स्वतः चाळिशी ओलांडलेला प्राध्यापक. तो चित्रपट पाहून त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, एवढेच सांगतो.

कीर्ती मिळाल्यावर माणूस काय करतो, यावरही त्याची कारकीर्द जोखायला हवी. 1974 साली लागूंना पद्मश्री मिळाली, पुढे 1997 साली कालिदास सन्मान आणि 2010 साली संगीत नाटक अकादमीचे अधिछात्रपद. या मानाचा त्यांनी उपयोग केला. समाजासाठी पूर्ण वेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा काही मानधन मिळावे म्हणून ‘सामाजिक कृतज्ञता निधी’ उभा राहिला, त्यासाठी लागू, निळू फुले आणि इतर नामवंत कलावंतांनी आचार्य अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून पैसा जमवला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत ते डॉ. नरेंद्र दाभोलकरांबरोबर उभे राहिले. आपण ईश्वर मानीत नाही, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले आणि लिहिले. आमच्यासारख्या पालखी-जत्रेच्या गावांना ते पटले असे नाही. माझ्या आजीला तर मुळीच पटले नसते. पण प्रेक्षक दुरावतील या भीतीने त्यांनी आपले मत खिशात ठेवले नाही, आणि प्रेक्षकांनीही मतभेदापायी नाटकाकडे पाठ फिरवली नाही. दोघांच्याही नावावर ही गोष्ट जमा करायला हवी.

घरातला एक घाव मात्र फार मोठा होता. त्यांचा मुलगा तन्वीर आगगाडीने प्रवास करीत असताना बाहेरून कोणीतरी मारलेला दगड लागून गेला. कोणाचे वैर नाही, काही कारण नाही. लागू आणि त्यांच्या पत्नी दीपाताई, ज्या स्वतः उत्तम अभिनेत्री, यांनी या दुःखातून पुढे मुलाच्या नावाने ‘तन्वीर सन्मान’ सुरू केला. रंगभूमीवर आयुष्य वेचलेल्या माणसांचा त्यातून गौरव होतो. त्यांनी आपले आत्मचरित्रही लिहिले, त्याचे नाव ‘लमाण’. लमाण म्हणजे पाठीवर माल घालून एका मुलुखातला दुसऱ्या मुलुखात पोहोचवणारा. लेखकाचा माल प्रेक्षकापर्यंत नेऊन पोहोचवणारा तो नट, असा त्यांनी स्वतःचा मान ठरवला. आमच्या या सह्याद्रीच्या घाटवाटांनी लमाणांचे तांडे मीठ-धान्य वाहून नेत, म्हणून हे नाव मला अधिकच जवळचे वाटते. माल आपला नव्हे, पण तो ओला होऊ द्यायचा नाही, सांडू द्यायचा नाही, ही जबाबदारी मात्र आपली.

17 डिसेंबर 2019 रोजी पुण्यात डॉ. लागू गेले. वय 92.

आठ दिवसांनी ते बापलेक पुन्हा आले. मी वही उघडली. मुलाला म्हटले, “अरे, तू म्हणतोस ते खरं आहे. लागूंनी डॉक्टरकी सोडली. पण त्याआधी सतरा-अठरा वर्षं दोन्ही केलं. तू अजून एकही धरलेलं नाहीस, मग सोडणार काय?” मुलगा खाली मान घालून बसला. वडिलांचा चेहरा खुलला. मग मी वडिलांकडे वळलो. “आणि तुम्हीही ऐका, काका. ती सतरा-अठरा वर्षं त्यांना कोणी तालमीला जायचं बंद केलं असतं, तर त्या पायाशिवाय नटसम्राट उभा राहिला नसता. हा पाळी संपवून तालमीला गेला, तर त्याला घरातून जेवणाचा डबा मिळाला पाहिजे.” वडील जरा थांबले. म्हणाले, “डब्याचं काय, देऊ की. पन पाळी चुकवायची नाय.” तेवढ्यावर समेट झाला.

हा निवाडा बरोबर होता का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कदाचित तो मुलगा मुंबईला गेला असता तर लवकर पुढे आला असता. कदाचित चार महिन्यांत उपाशी परत आला असता. सध्या तो कारखान्यात आहे, आणि महाडमध्ये आठ-दहा जणांची एक मंडळी जमवून एकांकिका बसवतो. मागच्या हिवाळ्यात ती मंडळी गडावर आली होती. मी सिंहासनाच्या जागेजवळ थांबलो आणि त्याला म्हटले, जा नगारखान्यात, बोल काहीतरी. तो गेला आणि पहिल्याने मोठ्याने बोलला. नुसता गोंगाट ऐकू आला. मी हाताने खूण केली. तो थांबला. श्वास घेतला. मग हळू आवाजात त्याने आपल्या भूमिकेतली दोन वाक्ये म्हटली.

ती मला स्वच्छ ऐकू आली.

आपल्याला सवड झाली, तर ‘पिंजरा’, ‘सामना’ आणि ‘एक दिन अचानक’ हे तीन चित्रपट याच क्रमाने पाहा. तीन शिक्षक भेटतील. एक पुतळा सांभाळणारा, एक प्रश्न सांभाळणारा, आणि एक काहीच न सांभाळता निघून गेलेला. तिघांचाही आवाज एकाच माणसाचा आहे, हे मध्येच आठवले तर आठवू द्या. पण बहुधा ते आठवणार नाही, आणि तेच त्या माणसाच्या कामाचे माप आहे.